ट्रक टर्मिनलचा मंथली पास, महिनाभर वापरून (३ स्टार)

रात्री ९ नंतर रस्त्यावर अवजड गाडी दिसली की जॅमर, असा नियम आला आणि मी पण निमूटपणे टर्मिनलचा पास काढला. एकच गाडी आहे, ४० फुटी कंटेनर, मालक मीच आणि ड्रायव्हर पण मीच, त्यामुळे इथे लिहिलंय ते केबिनमध्ये झोपून लिहिलंय.

आधी चांगलं. झोप लागते! रस्त्याकडेला लावली की एक डोळा उघडाच असतो, बॅटरी काढतंय का कोणी, डिझेल टाकीचं झाकण वाजलं का. इथे गेटवर माणूस आहे, उजेड आहे, आणि खाली काँक्रीट आहे. काँक्रीटचं कोणाला किरकोळ वाटेल, पण भरलेला ट्रेलर सोडून नुसता घोडा (पुढचं इंजिन-केबिन) घेऊन जायचा असेल तर उन्हात डांबरावर ट्रेलरचे पाय रुततात, मग खाली फळ्या टाकत बसा. तो ताप इथे नाही. टॉयलेट स्वच्छ असतं, म्हणजे पहाटे ४ पर्यंत तरी.

आता गाडीच्या जागा आखणारे पट्टे. ज्याने मारले त्याने बहुतेक फक्त डब्याचं माप बघितलं. ४० फूट म्हणजे १२.२ मीटर, बरोबर आहे हो, पण पुढे घोडा जोडला की गाडी १६ मीटरच्या आसपास जाते ना! टेप लावून मोजलं, पट्टा १३ चा. म्हणजे सगळ्यांची तोंडं लेनमध्ये आणि रात्री ११ ला कोणी रिव्हर्स घ्यायला लागला की निम्म्या यार्डाला उठवून गाड्या हलवायला लावणार. ॲपवर गाडीचा प्रकार निवडायला पर्याय दोनच, "छोटी" आणि "मोठी". काय बोलणार. रिफरवाल्यांसाठी (थंड कंटेनरवाल्यांसाठी) प्लग पॉइंट आहेत पण दोनच चालू, बाकीचे रात्रभर डिझेलवर युनिट घरघरवत ठेवतात, त्यांच्या शेजारची जागा घेऊ नका.

खरी बोंब वेळेची आहे. पास रात्रीचा, सकाळी ६ ला गेटबाहेर, एक मिनिट उशीर झाला तर पुढचा दिवस धरतात. गोडाऊन उघडतं ९ ला. मधले ३ तास गाडी कुठे ठेवू, खिशात? सगळे ओळीने गोडाऊनच्या रस्त्यावर जाऊन उभे राहतो, म्हणजे ज्या रस्त्यावरून आम्हाला हटवलं तिथेच, फक्त आता शाळेच्या बसच्या वेळेला.

नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. कोपऱ्यावर ट्रेलर उभा असला की वळणाऱ्याला समोरचं काही दिसत नाही, आणि अंधारात पार्किंग लाइट न लावता उभ्या केलेल्या ट्रेलरला मागून बाइक ठोकते, ते मी डोळ्यांनी बघितलंय. न्यूयॉर्कमध्ये पण रात्री ९ ते पहाटे ५ राहत्या वस्तीतल्या रस्त्यावर व्यावसायिक गाडी लावता येत नाही. पण युरोपात साडेचार तास चालवली की ४५ मिनिटं थांबायलाच लागतं, आणि थांबा म्हटलं तर अख्खी गाडी मावेल अशी जागा पण लागते.

सुपरवायझरला ६ च्या जागी ९ करा म्हणून सांगितलं, तो म्हणाला वर कळवतो. पास पुढच्या महिन्याचा पण काढलाय, झोपेसाठी. १४ नंबरची जागा देत असतील तर घेऊ नका, डाव्या आरशाच्या बरोबर रेषेत लाइटचा खांब येतो.