पोर्ट ब्लेअरचं वीर सावरकर विमानतळ : वर्षभर ये-जा केल्यावर

अंदमानात कामानिमित्त राहतो, त्यामुळे इथून सारखं येणंजाणं होतं. घरची मंडळीही येऊन गेली. २०२४ मध्ये शहराचं नाव श्री विजयपुरम झालं असलं तरी बोलण्यात अजून पोर्ट ब्लेअरच आहे.

आधी इमारतीबद्दल. जुलै २०२३ मध्ये उद्घाटन झालेली ही शिंपल्याच्या आकाराची नवी टर्मिनल मला मनापासून आवडते. सुमारे ७१० कोटींचा खर्च, वर्षाला ५० लाख प्रवाशांची क्षमता. छतातून उजेड झिरपतो, त्यामुळे दिवसा आत प्रसन्न वाटतं. आईचे गुडघे दुखतात. विमानाच्या दारातून एरोब्रिजवरून ती थेट आत आली, शिडी नाही की बस नाही. भर पावसात याची किंमत कळते. बाहेर सावरकरांचा पुतळा आहे. सेल्युलर जेल पाहायला आलेली मराठी माणसं तिथे थांबतातच.

पण टर्मिनल वाढली म्हणून सगळंच वाढलं असं नाही. धावपट्टी एकच आहे आणि तीही नौदलाच्या तळाची, आयएनएस उत्क्रोशची. बऱ्याच विमानांच्या वेळा सकाळी-दुपारी जवळजवळ येतात. त्या तासांत सुरक्षा तपासणीची रांग लांबते, एरवी हॉल मोकळा असतो. दोन तास आधी पोहोचाच. जेवणाचे पर्याय मर्यादित आणि महाग, त्यामुळे पोटभर खाऊनच निघावं.

खरी कसोटी हवामानाची. पाऊस इथे दोन मोसमांत येतो, मे ते सप्टेंबर आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर. अशाच एका दिवशी आमचं विमान घिरट्या घालून चेन्नईला परत गेलं. वैमानिकाचा निर्णय योग्यच होता, त्याबद्दल तक्रार नाही. चीड आली ती काउंटरवरची. लहान मुलं, म्हातारी माणसं ताटकळत उभी आणि पुढचं विमान कधी, हे सांगायला कंपनीचं कुणी पुढे येईना. विमान रद्द झालं तर पर्यायी विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं एक निवडण्याचा हक्क आपला असतो. हवामानामुळे रद्द झालं तर नुकसानभरपाई मात्र मिळत नाही.

स्वराज द्वीपला (जुनं हॅवलॉक) जाणाऱ्यांनी विमानाची वेळ बोटीच्या वेळेवरून ठरवावी. विमानतळापासून जेटी गाडीने फार लांब नाही, पण दुपारी उशिरा उतरलात तर त्या दिवशीची बोट जवळपास गेलीच समजा. परतीचा हिशेब याहून महत्त्वाचा. समुद्र खवळला की बोटी बंद होतात, म्हणून शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढा. बोटीतून उतरून त्याच दिवशी विमान गाठायचा बेत आखून देणारे एजंट भेटतात, त्यांचं ऐकू नका.

आणखी एक. किनाऱ्यावरचे शिंपले, मेलेलं प्रवाळसुद्धा नेता येत नाही. बॅग तपासताना एका मुलाच्या कप्प्यातून पांढरट प्रवाळाचा तुकडा निघाला. जवानाने तो शांतपणे बाजूला ठेवला, पोराचा चेहरा मात्र उतरला. मुलांना हे किनाऱ्यावरच सांगा; इथला किनारा त्या तुकड्यांवरच उभा आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये क्वालालंपूरचं पहिलं विमान इथे उतरलं. परदेशी उड्डाणं वाढावीत असं वाटतंच, पण त्याआधी पावसात अडकलेल्या प्रवाशांसाठी टर्मिनलमध्ये एक नीट मदत कक्ष हवा, सगळ्या कंपन्यांची माहिती एकाच जागी देणारा.