टूडी इको सेंटर, नाशिक: घरात जुनी शुगर असेल तर हा रिव्ह्यू वाचा

ज्यांच्या घरी दहा-पंधरा वर्षांपासून शुगर असलेलं माणूस आहे त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय, कारण सेंटर चांगलं की वाईट एवढंच सांगून भागणार नाही. शरणपूर रोडच्या बाजूला एक छोटं इको सेंटर आहे, एक कार्डिओलॉजिस्ट मॅडम स्वतः चालवतात, तिथं आईची टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि डॉपलर (रक्ताच्या वेगाचं मोजमाप) केली. नाव टाकत नाही, जाहिरात वाटायला नको. माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते खाली येईलच.

आईची शुगर जुनी, जोडीला बीपीची गोळी. मागच्या वर्षापासून जिना चढताना धाप लागायची, संध्याकाळपर्यंत घोट्यांवर सूज यायची. तेव्हा दुसऱ्या एका ठिकाणी इको केली होती, पाच मिनिटांत बाहेर, रिपोर्टमध्ये ईएफ (डावा खालचा कप्पा दर ठोक्याला आतल्या रक्तापैकी किती बाहेर ढकलतो ते) ६० टक्के, वॉल मोशन (भिंतींची हालचाल) नॉर्मल, खाली सही, संपलं. अँजिओग्राफी पण झाली, हृदयाच्या मोठ्या रक्तनळ्या मोकळ्या. मग जो तो म्हणायला लागला वय झालं, वजन कमी करा, टेन्शन घेऊ नका. अहो पण तिला धाप लागतेय ना! शेवटी आमच्या फिजिशियननेच सांगितलं की ईएफ पुरेसं नाही, डायस्टोलिक फंक्शन (हृदय सैल पडून रक्त कसं भरून घेतं ते) नीट मोजून आणा, भिंतीची जाडी आणि डाव्या वरच्या कप्प्याचा आकार आकड्यात पाहिजे.

आता इको कशी केली ते. आत एक सिस्टर सतत आईसोबत होत्या, पुढून उघडणारा गाऊन दिला, वर चादर, आई आयुष्यात पहिल्यांदा ब्लाउज काढताना अवघडली नाही असं म्हणाली, हे बायकांसाठी किती मोठं आहे ते बायकांनाच कळेल. छातीला ईसीजीच्या तीन वायरी लावल्या. इकोला डाव्या कुशीवर वळून डावा हात डोक्यामागे घ्यावा लागतो आणि आईचा तोच खांदा आखडलेला. आधीच्या ठिकाणी "आजी हात वर करा हो" करून ओढला होता. इथं मॅडमनी थांबून विचारलं, "काकू, खांदा कधीपासून धरलाय? दुखेल तिथं थांबू," आणि हाताखाली उशी सरकवली. मग म्हणाल्या की शुगरच्या पेशंटमध्ये खांदा आखडणं जास्त दिसतं, रक्तातली जास्तीची साखर कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांना चिकटते, धागे एकमेकांत अडकून कडक होतात, आणि हेच हृदयाच्या भिंतीत पण होऊ शकतं, तेच बघायला आज तुम्ही आलात. एवढ्या वर्षांत आम्हाला डोळे सांगितले, किडनी सांगितली, पाय सांगितले, पण हृदयाचा स्नायूच बदलतो हे कुणी असं समजावून सांगितलं नव्हतं. हार्ट म्हटलं की ब्लॉकेज एवढंच आपल्या डोक्यात.

तपासणी अर्धा-पाऊण तास चालली. स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवत होत्या. डावा खालचा कप्पा आकुंचन पावताना मस्त जोरात पावतोय, म्हणून ईएफ ६० टक्के येतं, ते खोटं नाहीच. अडचण पुढच्या भागात आहे, कप्पा सैल पडून रक्त आत घेताना. वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या झडपेवर डॉपलर लावला की दोन शिखरं दिसतात, पहिलं ई, म्हणजे कप्पा सैल पडला की रक्त आपोआप आत येतं ते, आणि दुसरं ए, म्हणजे शेवटी वरचा कप्पा ढकलतो ते. आईचं पहिलं बुटकं, दुसरं उंच. मग टिश्यू डॉपलर, म्हणजे रक्ताऐवजी स्नायूचाच वेग मोजणं, झडपेच्या कडेवर, पडद्याच्या बाजूला कर्सर ठेवला, "काकू, श्वास सोडा आणि धरा", आणि खाली छोटीशी लाट आली. तो वेग सेकंदाला ५ सेंटीमीटर. ७ च्या खाली गेला की कमी धरतात. हा आकडा आधीच्या रिपोर्टमध्ये नव्हताच!

रिपोर्टमध्ये काय आलं तेही लिहिते, म्हणजे तुमचा शेजारी ठेवून बघता येईल. मधला पडदा १२ मिलीमीटर, मागची भिंत १२ (बायकांमध्ये साधारण ९ पर्यंत नॉर्मल धरतात), पण कप्प्याची पोकळी मोठी झालेली नाही, म्हणजे भिंत जाड झालीय आणि पोकळी आहे तेवढीच, याला कॉन्सेंट्रिक म्हणतात. डावा वरचा कप्पा ३६ मिलीलिटर, शरीराच्या दर चौरस मीटर क्षेत्रफळामागे, ३४ च्या वर वाढलेला धरतात. ई/ए, म्हणजे पहिल्या शिखराला दुसऱ्याने भागून, ०.७. फुप्फुसाच्या बाजूचं प्रेशर नॉर्मल. शेवटी डायस्टोलिक डिसफंक्शन ग्रेड १, म्हणजे सैल पडण्यातल्या बिघाडाची पहिली पायरी. वरचा कप्पा मोठा का झाला तर खालचा कडक असल्यामुळे त्याला रोज जोर लावून ढकलावं लागतं, आणि तो ताणत गेला की पुढे ठोके अनियमित होण्याची भीती असते.

मला मॅडमची सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हे सगळं शुगरमुळेच असं त्यांनी ठोकून दिलं नाही. बीपीने पण भिंत अशीच जाड होते, इकोवरून कुणाचा वाटा किती ते वेगळं काढता येत नाही, दोन्ही असतील तर एकमेकांना वाढवतात, एवढं स्पष्ट सांगितलं. मी खोदून विचारलं तर शुगरचं आतलं काम पण सांगितलं. हृदय तसंही मुख्यतः चरबीवरच चालतं, पण इन्शुलिन नीट काम करेना की साखर वापरणं आणखी कमी होतं आणि चरबीचा भार वाढतो, स्नायूच्या पेशींत तिचे थेंब साठतात, पेशी जाड होतात, त्यांच्यामध्ये फायब्रोसिस म्हणजे व्रणासारखी जाळी बसते, आणि बारीक रक्तवाहिन्या ज्या अँजिओग्राफीत दिसतच नाहीत त्याही बिघडतात. म्हणून मोठ्या नळ्या मोकळ्या असूनही धाप लागू शकते.

घरी येऊन मी वाचत बसले. हे काही नवीन नाहीये, १९७२ साली अमेरिकेत रुबलर आणि सहकाऱ्यांनी डायबेटिसच्या चार पेशंटचं शवविच्छेदन करून लिहिलं होतं की हार्ट फेल्युअर (हृदयाचं काम शरीराला कमी पडणं) होतं पण त्याला पुरेल असा नळ्यांचा आजार सापडला नाही. मग १९७४ मध्ये फ्रॅमिंगहॅम गावातल्या अभ्यासातून आलं की डायबेटिस असलेल्या पुरुषांत हार्ट फेल्युअर दुपटीहून जास्त आणि बायकांत पाचपट. बायकांत पाचपट!! आणि आपल्याकडे बाईला धाप लागली की वजन आणि वय. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या अभ्यासात देशात डायबेटिसचे १० कोटींहून जास्त लोक निघाले, त्यातल्या किती जणींच्या फाइलमध्ये तो टिश्यू डॉपलरचा आकडा असेल, विचार करून राग येतो मला.

आता अर्धा स्टार. एक, सेंटर दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट अर्ध्या जिन्यानंतर सुरू होते, धाप लागणारे पेशंट येतात तिथं हे बरोबर नाही, निदान खाली एक खुर्ची तरी ठेवा. दोन, अपॉइंटमेंट घेऊन पण चांगलंच थांबावं लागलं, एकेकाला एवढा वेळ देतात म्हटल्यावर ते समजतं पण तसं फोनवर सांगायला हवं, शुगरचा माणूस उपाशी बसून राहतो. तसं साध्या इकोला उपाशी राहायची गरजच नसते, खाऊन आणि गोळ्या घेऊन जा, रिसेप्शनवरच्या मुलीने हे आपणहून सांगितलं नाही. आणि आधीचे रिपोर्ट मागितले तेव्हा आमच्याकडे होते म्हणून बरं, तुम्ही पण न्या, तुलना करता येते. फी १८०० घेतली, यूपीआय चालतं, रिपोर्ट त्याच दिवशी संध्याकाळी मिळाला, चित्रांसकट.

पुढे काय झालं असं बरेच जण विचारतील. फिजिशियननी रिपोर्ट बघून आईची पायोग्लिटाझोन ही शुगरची गोळी बंद केली, ती अंगात पाणी धरते आणि हार्ट फेल्युअरचा धोका असेल तिथं टाळतात, त्याऐवजी एम्पाग्लिफ्लोझिन सुरू केली, बीपीची गोळी पण बदलली. एम्पाग्लिफ्लोझिन पूर्वी महाग होती, २०२५ च्या मार्चमध्ये पेटंट संपल्यापासून स्वस्त ब्रँड आलेत, मेडिकलवाल्याला विचारा. २०१९ मध्ये छापून आलेल्या एम्पा-हार्ट नावाच्या अभ्यासात ९७ पेशंटमध्ये सहा महिन्यांत डाव्या कप्प्याच्या स्नायूचं वजन थोडं कमी झालेलं दिसलं होतं, पण ते पेशंट डायबेटिससोबत नळ्यांचा आजार असलेले होते, त्यामुळे आईला तेवढाच फरक पडेल असं मी धरून चालले नाहीये. या गोळीने लघवीतून साखर जाते, त्यामुळे खाली खाज किंवा इन्फेक्शन होऊ शकतं, स्वच्छता ठेवायची आणि पाणी प्यायचं, आणि उलट्या-जुलाब किंवा तोंडाने काही जात नसेल तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करायचा, आम्हाला हे लिहूनच दिलंय. आपल्या मनाने कुणी गोळ्या बदलू नका प्लीज.

घोट्यांची सूज उतरलीय. धाप अजून आहे, पण मधे थांबून का होईना आई गच्चीवर पापड घालायला जाते. पुढची इको वर्षभराने सांगितलीय, तिथंच करणार, आणि बुक करताना फोनवर एवढंच विचारायचं की ई/ए, टिश्यू डॉपलर, भिंतीची जाडी आणि वरच्या कप्प्याचं माप रिपोर्टमध्ये लिहून मिळेल ना. कुठल्याही सेंटरला फोन केला तरी हेच विचारा.