अमिनो अ‍ॅसिडची पावडर आणि व्यायाम: नऊ महिन्यांचा अनुभव

माझं वय ६९. गेल्या वर्षी न्यूमोनिया झाला आणि दहा दिवस अंथरुणात काढले. ताप उतरला, खोकला थांबला, पण पायांतली ताकद परत येईना. खुर्चीतून उठायला दोन्ही हात टेकावे लागायचे. "आजारपणाचा अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू," असं सगळे म्हणायचे. महिना उलटला तरी तो गेला नाही. पुढे वाचनात आलं, की २००७ च्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं होतं, तर त्यांच्या पायांतले सरासरी जवळजवळ एक किलो स्नायू घटले. मला तर वर आजारही होता.

एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून पावडर सुरू केली. अमिनो अ‍ॅसिड म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक. शरीराला स्वतः बनवता न येणारी नऊही अमिनो अ‍ॅसिड तिच्यात आहेत, त्यांतलं ल्युसिन नावाचं जास्त. सकाळ-संध्याकाळ तीन-तीन ग्रॅम. घेणार असाल तर डब्यामागची यादी वाचाच. 'बीसीएए' (ब्रँच्ड-चेन अमिनो अ‍ॅसिड) लिहिलेल्या डब्यात नवांपैकी तीनच असतात, आणि बाकीच्या सहांशिवाय स्नायू बांधले जात नाहीत. चव कडू आहे आणि ती शेवटपर्यंत कडूच लागली. पावडर विरघळत नाही, पाण्यावर तरंगते. थोड्या पाण्यात जोरात ढवळून एका दमात पिऊन टाकायची.

सुरुवातीलाच एक मोजमाप करून ठेवलं होतं, याचं मला आज फार समाधान वाटतं. हात छातीशी घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठायचं-बसायचं आणि वेळ लावायची. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर स्नायूंची ताकद कमी झाल्याची शंका घेतात. मला १९ लागले. दोन महिने पावडर नेमाने घेतली, अधूनमधून थोडं चालले, आणि पुन्हा मोजलं तर १८. रडूच आलं.

फिजिओथेरपिस्टकडे गेले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "स्नायूंना काम काय दिलंत?" उतारवयात स्नायू प्रथिनांना पूर्वीसारखी दाद देत नाहीत. व्यायामानंतर मात्र दिवसभर तरी ते जास्त दाद देतात, असं त्यांनी समजावलं. १९९४ मध्ये अमेरिकेत मारिया फियातारोन यांनी वृद्धाश्रमातल्या सरासरी ८७ वर्षांच्या शंभर जणांवर दहा आठवडे अभ्यास केला होता. वजनांचा व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून वाढली, नुसतं पोषक पेय घेणाऱ्यांची वाढली नाही. ८७ हा आकडा ऐकून मला धीर आला.

व्यायाम साधा आहे, पण सोपा नाही. पहिल्या आठवड्यात खुर्चीवर जाड उशी ठेवून उठायचं-बसायचं, म्हणजे बैठक उंच होते. मग उशी काढली. दोन महिन्यांनी छातीशी दोन किलोचं डंबेल धरलं. टेबलाला धरून टाचा उचलणं, लवचिक पट्टा दाराला अडकवून छातीकडे ओढणं, असे आणखी दोन प्रकार. प्रत्येक दहा वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. खरी गोम इथे आहे: शेवटचे दोन वेळा अवघड गेले पाहिजेत. सहज जमायला लागलं की भार वाढवायचा. मी तीन आठवडे तेवढ्याच भारावर रेंगाळले आणि ते तीन आठवडे फुकट गेले. तोल सांभाळायला एका पावलासमोर दुसरं पाऊल ठेवून उभं राहते, भिंत हाताशी असतेच.

पावडर आणि व्यायाम दोन्ही सुरू असताना दुसऱ्या महिन्याअखेर १४ सेकंद, पाचव्या महिन्याअखेर ११. मग मुद्दाम सहा आठवडे पावडर बंद केली, व्यायाम चालू ठेवला. ११ च राहिले. त्यामुळे श्रेय मी व्यायामाला देते. पावडर निरुपयोगी आहे असं मात्र म्हणणार नाही. २०१२ मध्ये जपानमध्ये ७५ च्या पुढच्या स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात व्यायामाला ल्युसिनयुक्त अमिनो अ‍ॅसिडची जोड दिल्यावर जास्त फायदा दिसला होता. ज्यांना भूक नाही, जेवण जात नाही, त्यांना तिचा आधार होईल. ज्यांचं जेवण व्यवस्थित आहे, प्रथिनं पुरेशी पोटात जातात, त्यांनी आधी व्यायाम सुरू करावा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. आमच्या ह्यांना पार्किन्सन्स आहे. मला चांगलं म्हणून मी त्यांनाही सकाळच्या गोळीबरोबरच पावडर देऊ लागले, आणि गोळीचा असर उशिरा व्हायला लागला. हात थरथरत राहायचे. डॉक्टरांनी कारण सांगितलं: लेव्होडोपा, म्हणजे त्या गोळीतलं औषध, आणि काही अमिनो अ‍ॅसिड आतड्यातून आणि मेंदूत एकाच वाटेने जातात, मग औषधाला वाट मिळत नाही. पावडर बंद केल्यावर असर पूर्ववत झाला. मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा या नवांपैकीच एक असलेलं फिनाइलअ‍ॅलनिन जन्मतः न पचण्याचा विकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूही नका.

मी आता पावडर फक्त जेवण कमी गेलेल्या दिवशी घेते. हे पावडर घेत नाहीत, पण शेजारी खुर्ची टाकून माझ्याबरोबर उठ-बस करतात, आठवड्यातून तीनदा. त्यांना अजून २१ सेकंद लागतात. सुरुवातीला हात टेकल्याशिवाय एकदाही जमत नव्हतं.