पहिले सरावाचे कुलूप कोणते घ्यावे: पारदर्शक, पितळी की लिव्हरचे?

किल्लीशिवाय कुलूप उघडण्याचा छंद लावून घेऊ पाहणाऱ्याने अवजारांच्या संचाआधी पहिल्या कुलुपाचा विचार करावा, कारण बोटांना वळण लागते ते कुलुपामुळे. पर्याय मुख्यतः तीन आहेत.

पारदर्शक कुलूप यंत्रणा समजून घेण्यापुरते उत्तम आहे. अमेरिकन कुलूपकार लायनस येल (धाकटे) यांनी १८६१ आणि १८६५ मध्ये ज्या पिन-रचनेची पेटंटे घेतली, ती त्यात डोळ्यांना दिसते: योग्य किल्ली आत गेली की खालच्या आणि वरच्या पिनांमधील सांधे एका रेषेत येतात आणि दंडगोल (किल्ली जाते तो मधला फिरता भाग) फिरतो. परंतु अशा स्वस्त कुलुपांत पिना बहुधा सैल बसवलेल्या असतात, त्यामुळे ती कशाही हाताळणीने उघडतात. शिवाय नजर आतच खिळून राहिल्याने बोटांच्या स्पर्शाकडे दुर्लक्ष होते. एका संध्याकाळीच त्याचे काम संपते, आणि केवळ तेवढ्यासाठी पैसे घालणे मला पटत नाही.

चार किंवा पाच पिनांचे साधे पितळी कुलूप मी निःसंकोच सुचवेन. पिनांची भोके कितीही काळजीपूर्वक पाडली तरी ती तंतोतंत एका ओळीत येत नाहीत; म्हणून टेन्शन रेंचने (दंडगोलाला वळणाचा जोर देणाऱ्या वाकड्या पट्टीने) दंडगोलावर अगदी हलका जोर दिला की सर्व पिना एकदम न अडकता आधी एकच अडकते. ती हुकाने (टोकाशी वळलेल्या बारीक सळईने) हळूच वर नेली की बारीकसा ‘टक्’ जाणवतो, दंडगोल केसभर सरकतो आणि पुढची पिन अडकते. या कलेचा सारा पाया एवढाच आहे, आणि तो धातूच्या खऱ्या कुलुपावरच पक्का होतो. रेंचवर जास्त जोर देणे ही नवशिक्याची नेहमीची अडचण. कुलूप उघडत नसेल, तर आधी जोर कमी करून पाहावा. खर्च परवडत असेल, तर पिना काढता-घालता येणारा सिलिंडर (कुलुपाचा पिनांसकटचा सुटा गाभा) याहूनही चांगला, कारण त्यात दोन पिनांपासून सुरुवात करून एकेक वाढवता येते.

आर्देशर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलुपे बनवण्यास सुरुवात केली. त्या नावाची लिव्हरची कुलुपे आजही असंख्य दारांवर आहेत, म्हणून अनेकांना सुरुवात त्यांच्यापासूनच करावीशी वाटते. तसे करू नये. त्यांत पिनांऐवजी लिव्हर, म्हणजे किल्लीने उचलल्या जाणाऱ्या चपट्या पट्ट्या, असतात; प्रत्येक लिव्हर नेमक्या उंचीवरच आणावा लागतो आणि पिनांसाठीचा हुक व रेंच तेथे फारसे उपयोगी पडत नाहीत. लिव्हर प्रमाणाबाहेर उचलला की अडकून बसणारे इंग्रज कुलूपकार चब यांचे १८१८ चे कुलूप अमेरिकन कुलूपकार अल्फ्रेड हॉब्ज यांनी १८५१ मध्ये लंडनमध्ये उघडून दाखवले. परंतु हॉब्ज या विद्येत मुरलेले कारागीर होते.

कोणतेही कुलूप निवडले, तरी ते स्वतःच्या मालकीचे आणि वापरात नसलेले असावे, कारण सरावात पिना किंवा स्प्रिंगा बिघडू शकतात आणि दार कायमचे अडू शकते. अवजारे घरीच ठेवावीत: महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या काळात समाधानकारक कारणाशिवाय घरफोडीची साधने जवळ बाळगणे हा गुन्हा आहे.