सूक्ष्मजीवांचा मिथेन: वायोमिंगचा कोळसा घ्यावा की मिशिगनचा शेल?

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी भूगर्भातला जैविक मिथेन हा विषय घेणार असाल, तर दोन अमेरिकी ठिकाणं हमखास समोर येतात: वायोमिंग-मोंटानातल्या पावडर रिव्हर खोऱ्यातला कोळसा आणि मिशिगनमधला अँट्रिम शेल (शेल म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेला थराथरांचा खडक). दोन्हीकडे वायू बनवणारे आर्किया, म्हणजे जीवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या कुळातले एकपेशीय सूक्ष्मजीव, आपल्या गोबरगॅसच्या टाकीतल्यांचेच भाऊबंद. बाकी साम्य फारसं नाही.

पावडर रिव्हरचा कोळसा सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीचा, हलक्या प्रतीचा. उष्णतेने भरपूर वायू सुटावा इतका तो कधी तापलाच नाही, त्यामुळे वायू कुणी बनवला यावर वाद कमी. उष्णताजन्य वायूत मिथेनसोबत आढळणारं इथेन इथे नावापुरतं. कार्बन-१३चं, म्हणजे कार्बनच्या जड समस्थानिकाचं (जड अणूचं), मान ठरलेल्या प्रमाण नमुन्याच्या तुलनेत दर हजारी साधारण उणे ६० किंवा त्याहून खाली, म्हणजे जैविक मिथेनचा नेहमीचा आकडा. पाण्यात सोडियम बायकार्बोनेट भरपूर आणि सल्फेट अगदी कमी. हे महत्त्वाचं, कारण सल्फेट असलं की ते वापरणारे जीवाणू हायड्रोजन आधीच पळवतात आणि आर्किया उपाशी राहतात.

अँट्रिम मात्र चकवतो. हा शेल डेव्होनियन, म्हणजे कोळशाच्या कितीतरी आधीच्या, काळातला. मिथेनचं कार्बन-१३ उणे ५०च्या आसपास. नुसता तेवढा आकडा पाहिला तर वायू उष्णतेने बनलाय असंच कुणीही म्हणेल. १९९६ मध्ये अ‍ॅना मार्टिनी आणि सहकाऱ्यांनी सोबतचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणीही तपासलं. विरघळलेल्या कार्बनचं मान अधिक २०च्या वर निघालं. आर्कियांनी हलका कार्बन आधी उचलल्यामुळे उरलेला साठा जड झाला होता आणि त्यातून बनणारा मिथेनही जड होत गेला. शिवाय मिथेनमधलं ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, भोवतालच्या पाण्याशी जुळत होतं. हे पाणी हिमयुगातलं. हिमनद्यांचं वितळलेलं पाणी मिशिगन खोऱ्याच्या कडेने भेगांत शिरलं, खारं पाणी पातळ झालं आणि सूक्ष्मजीवांना जगण्याजोगी जागा मिळाली. खोऱ्याच्या मध्याकडे गेलात की खारेपणा वाढतो आणि उष्णताजन्य वायूचा वाटाही.

मग निवड कशी करायची? समस्थानिकं, भूजल, भूशास्त्र यांत रस असेल तर निःसंशय अँट्रिम. प्रयोगशाळेत बाटल्या भरून सूक्ष्मजीवांना खाऊ घालायचं असेल तर पावडर रिव्हर. तिथे मोंटानातल्या बर्नीजवळ अमेरिकी भूसर्वेक्षण खात्याचं प्रयोगस्थळ आहे, आणि शैवालाचा अर्क घालून मिथेन वाढतो का, यावर मोंटाना स्टेट विद्यापीठात काम झालं आहे. खरी अडचण मिथेन बनण्याच्या शेवटच्या पायरीत नसून पहिल्या पायरीत आहे: कोळशातली चिवट वलयी संयुगं फोडणं फार सावकाश चालतं. २०१६ मध्ये जपानी संशोधकांना कोळशातल्या मेथॉक्सी गटांपासून (वलयांना जोडलेल्या कार्बन-ऑक्सिजनच्या छोट्या तुकड्यांपासून) थेट मिथेन बनवणारा आर्किया सापडला, तेव्हा ही पायरी निदान काही अंशी टाळता येते असं दिसलं.

व्यापारी वायूवाढीची स्वप्नं प्रबंधात आणू नका. पावडर रिव्हरमध्ये वायूआधी प्रचंड पाणी उपसावं लागतं, आणि ते सोडियमयुक्त पाणी चिकणमातीच्या शेतात सोडलं की जमीन खराब होते. त्यावर मात्र एक वेगळा, उत्तम प्रबंध होऊ शकतो.