सतरा पूर्ण झालेल्यांसाठी मतदार नोंदणीची आगाऊ सोय : इंदूरहून एक परीक्षण

लोकसभेच्या निवडणुकीत आपल्यालाही काही म्हणायचे आहे, असे वाटणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी आपल्या व्यवस्थेत अधिकृतपणे उघडलेले दार फार मोठे नाही. मत देण्याचे वय अठरा आहे, लोकसभेसाठी उमेदवारी करण्याचे पंचवीस. अठराच्या आधी मुलांना स्वतःच्या नावाने करता येण्याजोगी ठोस गोष्ट म्हणजे मतदार यादीसाठी आगाऊ अर्ज, आणि निवडणूक आयोगाची ती सेवा कशी आहे हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. माझ्या पुतणीने नुकताच हा अर्ज मतदार सेवा पोर्टलवरून भरला. मी शेजारी बसून प्रत्येक रकाना वाचला, आणि वर्षानुवर्षे नागरिकशास्त्र शिकवल्यामुळे त्यामागचे नियमही मला ठाऊक होते.

या सोयीचे महत्त्व कळण्यासाठी २०२२ पूर्वीची स्थिती आठवली पाहिजे. तेव्हा वर्षाची एक जानेवारी ही एकच अर्हता तारीख, म्हणजे ज्या दिवशी वय मोजले जाते ती तारीख, होती. ज्याला दोन जानेवारीला अठरावे पूर्ण झाले, त्याला यादीत येण्यासाठी पुढच्या एक जानेवारीपर्यंत थांबावे लागे; मधल्या काळात लोकसभा झाली तर त्याने ती बाहेरून पाहायची. २०२१ च्या कायदा दुरुस्तीने आणि १ ऑगस्ट २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनी एक जानेवारी, एक एप्रिल, एक जुलै आणि एक ऑक्टोबर अशा चार तारखा आल्या. सतरा पूर्ण झालेल्यांना अर्ज आधी देऊन ठेवण्याची मुभाही त्याच वर्षी मिळाली. अर्ज जपून ठेवला जातो आणि मूल ज्या तिमाहीत पात्र ठरते, त्या तिमाहीत त्यावर निर्णय होतो. मला हा बदल मनापासून मोलाचा वाटतो, कारण अठरावा वाढदिवस बहुतेक मुलांना नेमका बारावीची परीक्षा, प्रवेश आणि गाव बदलण्याच्या धामधुमीत गाठतो आणि तेव्हा मतदार यादीची आठवण कुणालाही राहत नाही.

आता प्रत्यक्ष अर्ज. नव्या मतदारासाठी फॉर्म ६ भरायचा असतो आणि त्याला शुल्क नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या भागातल्या एका ऑनलाइन सेवा केंद्राने याच अर्जासाठी ‘सरकारी फी’ म्हणून पैसे मागितल्याचे मी स्वतः ऐकले आहे. केंद्रचालकाने आपल्या मेहनतीचे पैसे घ्यावेत, पण ते सरकारी फी म्हणून घेऊ नयेत. जन्मतारखेसाठी जन्मदाखला किंवा तारीख छापलेले दहावीचे प्रमाणपत्र चालते. पत्त्याच्या पुराव्याची मुलांना सर्वांत जास्त धास्ती असते, कारण त्यांच्या नावावर ना वीजबिल असते ना घर. पण आई किंवा वडिलांच्या नावाचा पुरावा ग्राह्य धरला जातो. आधार क्रमांकाचा रकाना आहे, मात्र आधार नसल्यास तसे नमूद करण्याची जागाही फॉर्ममध्येच दिली आहे. घरातल्या आधीच्या मतदाराचा ओळखपत्र क्रमांक विचारला जातो, तो आवर्जून भरावा. त्यामुळे सगळ्या कुटुंबाची नावे यादीच्या एकाच भागात येण्यास मदत होते.

एका जागी मात्र इथल्या मराठी मुलांनी थांबून पाहिले पाहिजे. मध्य प्रदेशात यादी हिंदीत असते. रोमन अक्षरांत नाव लिहिले की शेजारच्या रकान्यात ते देवनागरीत आपोआप उमटते, आणि रोमन लिपीला ल आणि ळ यांतला फरक कळत नाही. काळे, गोळे, मुळे, पिंगळे अशा आडनावांच्या मुलांनी तो रकाना नीट वाचावा. तो हाताने दुरुस्त करता येतो. पुतणीने तो पाहिला आणि म्हणाली, “आत्या, आधी दाखला बघू, मग याच्याशी ताडून बघू.” तिचे बरोबर होते: दाखल्यावर, आधारवर आणि यादीत नाव एकसारखे असणे पुढे फार उपयोगी पडते. अर्ज गेला की संदर्भ क्रमांक मिळतो आणि त्यावरून अर्ज कुठपर्यंत आला ते पाहता येते. पुढे बूथ लेव्हल अधिकारी, म्हणजे सगळे ज्यांना बीएलओ म्हणतात ते, पडताळणी करतात. नाव दाखल झाल्यावर ओळखपत्र टपालाने घरी येते. शंका असल्यास १९५० हा हेल्पलाइन क्रमांक आहे.

नोंदणीची सेवा म्हणून मी हिला चांगले गुण देते. माझी हरकत वेगळ्या ठिकाणी आहे: तारखांचे गणित मुलांना कुणी समजावून सांगत नाही. कायद्याप्रमाणे उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत नाव घालता येत नाही, आणि पडताळणीला वेळ लागत असल्याने अर्ज त्याच्या निदान दहा दिवस आधी पोहोचावा लागतो. इंदूरमध्ये २०२४ साली उमेदवारीचा शेवटचा दिवस २५ एप्रिल होता आणि मतदान १३ मे रोजी झाले. म्हणजे ज्याला १ एप्रिलला अठरा पूर्ण झाले पण जो महिन्याच्या अखेरीस जागा झाला, तो पात्र असूनही राहिला. आणि ज्याचा वाढदिवस २ एप्रिल ते १३ मे यांदरम्यान होता, तो मतदानाच्या दिवशी अठराचा असूनही यादीत येऊ शकला नाही. चार तारखांनी हा अन्याय पुष्कळ कमी केला, संपवलेला नाही. मतदानाचा दिवस हीच वयाची तारीख का असू नये, हा प्रश्न मुले विचारतात आणि तो योग्य आहे. यादी आधी पक्की करावी लागते हे मान्य, पण जन्मतारीख तर आगाऊ अर्जातच लिहिलेली असते. मतदानाच्या दिवसापर्यंत पात्र होणाऱ्यांची नावे आधीच त्या यादीत धरता येतील.

ही सेवा यादीत नाव घालते. समोर पर्याय कोणते असावेत हे तिच्या हातात नाही. त्याच २०२४ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या उमेदवाराने २९ एप्रिलला, माघारीच्या शेवटच्या दिवशी, अर्ज मागे घेतला आणि इंदूरमध्ये ‘नोटा’ला, म्हणजे ‘यांपैकी कुणीही नाही’ या पर्यायाला, २,१८,६७४ मते पडली. पहिल्यांदा मत देणाऱ्या कितीतरी मुलांचा मतदानाशी परिचय असा झाला. ‘नोटा’ला कितीही मते पडली तरी लोकसभेत सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवारच निवडून येतो, हे त्यांना त्या वेळी नीट सांगायला हवे होते, म्हणजे बटण दाबताना आपण काय करतो आहोत याची त्यांना पूर्ण कल्पना असती.

माझ्या पिढीला हा हक्क मिळाला तो आठवण्याजोगा आहे. ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ केले, ती २८ मार्च १९८९ पासून अमलात आली, आणि त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत अठरा-एकोणीस वर्षांच्यांनी पहिल्यांदा मत दिले. इंदूरमध्ये त्या निवडणुकीत सुमित्राताई महाजन यांनी माजी मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठी यांचा पराभव केला आणि त्या निवडणुकीपासून सलग आठ वेळा त्या इथून निवडून आल्या. त्या पहिल्या मताचे वजन मला अजून जाणवते. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये हे वय सोळावर आणले, ब्राझीलमध्ये सोळा-सतराच्या मुलांना ऐच्छिक मतदान आहे. आपल्याकडेही हा विचार गंभीरपणे व्हावा असे माझे मत आहे, पण तोवर हाती असलेली सोय पूर्ण वापरली जावी. नववी ते बारावीच्या मुलांसाठी शाळांमध्ये निवडणूक साक्षरता मंडळे आहेत. २५ जानेवारीला, राष्ट्रीय मतदार दिनी, शपथ आणि रांगोळी स्पर्धा घेऊन न थांबता त्यांनी सतरा पूर्ण झालेल्यांकडून त्याच दिवशी फॉर्म ६ भरून घ्यावा. उमेदवारांची शपथपत्रे वाचायलाही वयाची अट नाही. त्यांत मालमत्ता, शिक्षण आणि प्रलंबित गुन्हे लिहिलेले असतात, आणि ती वाचलेला सतरा वर्षांचा मुलगा घरातल्या मोठ्यांच्या मताला वळण देऊ शकतो.

इंदूरच्या भंवरकुआं परिसरात खोली घेऊन शिकणाऱ्या बुऱ्हाणपूर-खंडव्याकडच्या मुलांसाठी एक सूचना. शिक्षणासाठी बाहेर राहणाऱ्याला नोंदणी आईवडिलांच्या पत्त्यावर किंवा राहत्या वसतिगृहाच्या पत्त्यावर करता येते, मात्र दोन्हीकडे नाही. कोणत्या गावाचा खासदार निवडायचा हे आधी ठरवा आणि मग अर्ज भरा. नंतर पत्ता बदलला तर नवा फॉर्म ६ न भरता फॉर्म ८ भरायचा असतो.