ज्वेल ऑफ नवी मुंबई : बांधावरची वाट, पण गावांपर्यंत न पोचणारी

नेरूळच्या सेक्टर २६ मध्ये, पाम बीच मार्गाला लागून, धारण तलावाच्या काठाने फिरण्यासाठी पक्की वाट बांधलेली आहे. ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ हे तिचे नाव काहीसे भपकेबाज असले, तरी सकाळच्या चालण्यासाठी या भागात मला याहून चांगली जागा सापडलेली नाही. एका बाजूला सतत पाणी असते, मागून हॉर्न वाजत नाही आणि गुडघे कुरकुरणाऱ्या माणसालाही चढउतार नसल्यामुळे एक फेरी सुखाने पुरी करता येते.

मात्र या तलावाला नुसती शोभेची जागा समजू नये. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर वसला असल्याने, भरतीच्या वेळी खाडीचे पाणी आत येऊ नये म्हणून तलावाची खाडीकडची दारे मिटतात, तेवढ्या काळात पडलेला पाऊस अशा तलावांत साठतो आणि ओहोटी लागली की खाडीत वाहून जातो. नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० साली स्थापन झालेल्या सिडको या सरकारी महामंडळाने हे तंत्र शहरभर वापरले. पण इथल्या आगरी शेतकऱ्याला यात नवल वाटू नये; खाऱ्या जमिनीत भात पिकवण्यासाठी त्याच्या पूर्वजांनी घातलेल्या बांधांना असणारी उघाडी, म्हणजे पाणी अडवण्या-सोडण्याचे दार, हेच काम करीत असे.

काठावर बगळे आणि पाणकावळे नेहमीचेच. रोहित पक्ष्यांसाठी मात्र हिवाळ्यानंतर टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीकडे जावे, आणि भरतीची वेळ पाहूनच जावे, कारण खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की ते तिकडे विसाव्याला येतात. ओहोटीला चिखलाचा वास येतो, पण खाडीकाठी वाढलेल्या माणसाला तो खटकणार नाही. उन्हाळ्यात नऊनंतर येऊ नये आणि फरशी कठीण असल्याने जाड तळव्याचे बूट घालावेत.

माझी खरी तक्रार वाटेच्या आखणीविषयी आहे. ही वाट तलावाभोवती फिरते आणि सुरू झाली तिथेच संपते. सारसोळे आणि करावे ही जुनी गावे, नेरूळमधली लहानमोठी उद्याने आणि हा तलाव इतके जवळ असताना त्यांना जोडणारी सलग पायवाट नाही. पूर्वी बांधावरून एका गावातून दुसऱ्या गावात चालत जाता येत असे. आज त्याच अंतरासाठी सिग्नल, दुभाजक आणि फुटपाथावर उभ्या केलेल्या दुचाकी पार कराव्या लागतात. त्यामुळे जवळच राहणारे कितीतरी लोकही फिरायला येताना गाडी काढतात. करावे गावातून लहान मुलांना घेऊन येणार असाल, तर तूर्त रिक्षानेच यावे.